जॉन वॉटसन : एका वर्तनवाद्याचे घर

मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात जॉन ब्रॉडस वॉटसन भेटतो तो दीड पानापुरता. वर्तनवादाचा प्रवर्तक, १९१३ चा लेख, छोट्या अल्बर्टचा प्रयोग. झाली पाच गुणांची टीप तयार! मी त्याच्या चरित्राकडे वळलो ते मात्र वेगळ्याच कुतूहलाने. मुले कशी वाढवावीत हे ज्याने साऱ्या अमेरिकेतल्या आईबापांना शिकवले, त्याच्या स्वतःच्या घरात काय चालले होते, हे मला पाहायचे होते.

वॉटसनचा जन्म ९ जानेवारी १८७८ रोजी दक्षिण कॅरोलायना राज्यात, ग्रीनव्हिल गावाजवळ झाला. आई कमालीची धर्मनिष्ठ. मुलाने धर्मोपदेशक व्हावे म्हणून तिने एका नामांकित धर्मोपदेशकाचेच नाव त्याला दिले. वडील दारूच्या आहारी गेलेले. जॉन तेरा वर्षांचा असताना ते घर सोडून निघून गेले. पोर मग उनाड झाले, मारामाऱ्या करू लागले. त्याला दोनदा अटकही झाली. अंधाराची भीती लहानपणी मनात बसली, ती मोठेपणीही पुरती गेली नाही. हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा.

तरी मुलगा जिद्दीचा. फर्मन विद्यापीठातून तो शिकागोला आला आणि १९०३ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, पांढऱ्या उंदरांच्या शिकण्यावर प्रबंध लिहून डॉक्टर झाला. १९०८ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्राध्यापक झाला. पाचच वर्षांनी त्याने तो प्रसिद्ध लेख लिहिला. मन, जाणीव, अंतर्निरीक्षण हे सारे बाजूला ठेवा. डोळ्यांना दिसते ते वर्तन तेवढे अभ्यासा, असा त्याचा आग्रह. उद्दीपक कोणता आणि प्रतिसाद कोणता एवढे कळले की मानसशास्त्र पदार्थविज्ञानाच्या पंक्तीला बसेल, अशी त्याची खात्री होती. १९१५ मध्ये तो अमेरिकेच्या मानसशास्त्रीय संघटनेचा अध्यक्ष झाला.

१९१९-२० च्या हिवाळ्यात त्याने आणि त्याची विद्यार्थिनी रोझाली रेनर हिने अल्बर्टवर प्रयोग केला. रुग्णालयात दाईचे काम करणाऱ्या एका बाईचे हे बाळ, अकरा महिन्यांचे, शांत स्वभावाचे. पांढरा उंदीर पुढे आला की ते हात पुढे करी. हात लागताच पाठीमागे पोलादी कांबीवर हातोडा आपटायचा! सात वेळा असे झाल्यावर नुसता उंदीर दिसताच बाळ रडून पळू लागले. पुढे सशाला, कुत्र्याला, केसाळ कोटालाही भिऊ लागले. भीती शिकवता येते हे सिद्ध झाले. ती घालवायची मात्र राहूनच गेली, कारण आई बाळाला घेऊन निघून गेली. एका मुलावरच्या या प्रयोगाच्या शास्त्रीय कच्चेपणाबद्दल आज पुष्कळ लिहिले जाते. मला अधिक बोचते ते हे, की बालपणीची भीती अंगी बाळगून वावरणाऱ्या माणसानेच तो हातोडा आपटवला.

त्याच वर्षी रोझालीशी असलेले त्याचे संबंध उघडकीस आले. त्याची प्रेमपत्रे वर्तमानपत्रांत छापून आली, नोकरी गेली, घटस्फोट झाला. रोझालीशी लग्न करून तो न्यूयॉर्कला एका जाहिरातसंस्थेत शिरला. रबरी बूट कोण घेते याची चौकशी करत हिंडला, कॉफी खपवली, आणि १९२४ पर्यंत त्या संस्थेचा उपाध्यक्षही झाला!

पण लेखणी थांबली नव्हती. धडधाकट अर्भके आणि हवी तशी परिस्थिती दिल्यास कोणत्याही मुलातून वैद्य, वकील किंवा चोर घडवून दाखवीन, असा दावा त्याने याच काळात केला. आपण पुराव्याच्या पुढे जात आहोत, हेही त्याने तिथेच मान्य केले होते. पण ते कुणी फारसे सांगत नाही. १९२८ मध्ये बालसंगोपनावरचे त्याचे पुस्तक निघाले. मुलांना कुशीत घेऊ नका, मुके घेऊ नका, मांडीवर बसवू नका. अगदीच राहवले नाही तर रात्री कपाळावर एकदा ओठ टेकवा आणि सकाळी हस्तांदोलन करा! पायांवर घेऊन न्हाऊ घालणाऱ्या आपल्या आज्यांनी हे ऐकले असते तर पदर तोंडाला लावला असता. पण न्याय करायचा तर हेही सांगितले पाहिजे, की मुलांना मारण्याला त्याचा विरोध होता, आणि मुलाच्या दोषांचे खापर वाईट रक्तावर फोडण्याच्या काळात तो भोवतालच्या परिस्थितीकडे बोट दाखवत होता.

घरी दोन मुलगे याच नियमांनी वाढत होते. रोझालीने १९३० मध्ये पालकांच्या एका मासिकात लेख लिहिला. नवऱ्याच्या शास्त्रापुढे आपण मान तुकवतो, पण कधी बंडही करावेसे वाटते, आणि आपली मुले मायेच्या बाबतीत थोडी दुबळीच निघावीत अशी मनातून इच्छा आहे, अशी कबुली तिने त्यात दिली. मला त्या सगळ्या वाङ्मयात हा लेख सर्वांत जवळचा वाटतो. १९३५ मध्ये ती आजारी पडून गेली, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी. वॉटसन पार कोलमडला आणि पिऊ लागला. मुलांना पोटाशी धरणे मात्र तेव्हाही त्याला जमले नाही.

थोरला मुलगा मनोविकारतज्ज्ञ झाला. त्याने पुढे आत्महत्या केली. पहिल्या लग्नाच्या मुलीनेही तसे प्रयत्न केले. तिची मुलगी, अभिनेत्री मॅरिएट हार्टली, हिने १९९० मध्ये आत्मचरित्रात या घराण्याच्या दुःखाची वाट आजोबांच्या शिकवणुकीपर्यंत नेऊन पोहोचवली. एवढ्या गुंतागुंतीच्या दुःखाला एकच कारण देणे मला पटत नाही. तसे करणे हीदेखील एक प्रकारची वर्तनवादी घाईच होईल. पण बालसंगोपनावर लिहिण्याइतके ज्ञान आपल्याला नव्हते, हे उतारवयात वॉटसननेच मान्य केले होते.

१९५७ मध्ये मानसशास्त्रीय संघटनेने त्याचा गौरव करायचे ठरवले. तो न्यूयॉर्कला गेला, पण ऐनवेळी सभागृहात शिरेना. इतक्या वर्षांनी सर्वांसमोर आपल्याला रडू कोसळेल, अशी भीती त्याला वाटली. अखेर सन्मान घ्यायला त्याने मुलाला पाठवले. नंतर अप्रकाशित कागदपत्रे जाळून टाकली आणि २५ सप्टेंबर १९५८ रोजी त्याचे निधन झाले. त्याच वर्षी हॅरी हार्लोने माकडांच्या पिलांवरचे आपले प्रयोग मांडले होते. दूध देणारी तारेची आई सोडून ती पिले मऊ कापडाच्या आईला बिलगून बसत होती.