विश्लेषण : माथेरानच्या माकडांना कळणारा लाल-हिरवा फरक शास्त्रज्ञ डाल्टन यांना का कळत नव्हता?

कर्जत स्थानकात घाट चढण्यासाठी अनेक गाड्यांना मागून जादा इंजिन जोडले जाते. ते चालवणाऱ्या लोको पायलटला भरतीवेळी रंगदृष्टीची चाचणी द्यावी लागते, कारण लाल-हिरव्या सिग्नलमध्ये गल्लत चालत नाही. अणुसिद्धान्त मांडणारे जॉन डाल्टन या चाचणीत नापास झाले असते.

कोण होते डाल्टन?
डाल्टन यांचा जन्म १७६६ मध्ये इंग्लंडमधील ईगल्सफील्ड या खेड्यात, विणकराच्या घरी झाला. परिस्थिती बेताची असल्याने बाराव्या वर्षीच ते शाळेत शिकवू लागले. १७९३ मध्ये ते मँचेस्टरला गेले. अणुसिद्धान्ताचे त्यांचे पुस्तक १८०८ मध्ये आले.

दोष कसा लक्षात आला?
१७९२ मध्ये, एका फुलामुळे. दिवसा निळे दिसणारे जिरॅनियमचे फूल मेणबत्तीच्या उजेडात त्यांना लालसर दिसले. इतरांना असा बदल दिसेना. भावाला मात्र दिसला. म्हणजे दोष घराण्यात होता. १७९४ मध्ये त्यांनी यावर निबंध वाचला. रंगांधत्वाला आजही 'डाल्टनिझम' म्हणतात.

मृत्यूनंतर डोळे का तपासले?
आपल्या डोळ्यातील द्रव निळसर असावा आणि तो लाल रंग शोषून घेत असावा, असा डाल्टन यांचा तर्क होता. तो पडताळण्यासाठी मृत्यूनंतर डोळे तपासावेत, असे त्यांनी सांगून ठेवले. २७ जुलै १८४४ रोजी त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी डोळा कापून पाहिला. द्रव स्वच्छ होता. तर्क चुकला होता. डोळे मात्र जपून ठेवले गेले. १९९५ मध्ये त्यातील डीएनए तपासल्यावर खरे कारण कळले : मध्यम लांबीच्या प्रकाशलहरी टिपणारे रंगद्रव्य त्यांच्याकडे नव्हते.

माकडांचा संबंध काय?
माणसाच्या डोळ्यात तीन प्रकारच्या शंकूपेशी असतात. त्यांच्या संदेशांची तुलना करून मेंदू रंग ठरवतो. माथेरानमधील माकडांसह आशिया-आफ्रिकेतील माकडांचीही हीच रचना आहे. हिरव्या पानांतले पिकलेले फळ हेरायला ती उपयोगी पडते. डाल्टन यांच्याकडे तुलनेसाठी दोनच संदेश होते.

उपचार शक्य आहे का?
दक्षिण अमेरिकेतील स्क्विरल माकडांच्या नरांमध्ये शंकूपेशींचे दोनच प्रकार असतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अमेरिकी संशोधकांनी अशा दोन प्रौढ नरांच्या डोळ्यात विषाणूमार्फत मानवी जनुक सोडले. सुमारे पाच महिन्यांनी ते लाल-हिरवा ओळखू लागले. जन्मापासून न मिळालेला संदेश प्रौढ मेंदूही वापरू शकतो, हे यातून दिसले. माणसांसाठी हा उपचार अद्याप उपलब्ध नाही.

त्या दोन माकडांपैकी एकाचे नाव होते डाल्टन.