रने लाएनेक

रने तेओफिल यासेंत लाएनेक (१७ फेब्रुवारी १७८१ – १३ ऑगस्ट १८२६) हे फ्रेंच चिकित्सक, विकृतिशास्त्रज्ञ आणि वैद्यकाचे अध्यापक होते. इ.स. १८१६ मध्ये त्यांनी स्टेथोस्कोपचा शोध लावला. छातीतून ऐकू येणाऱ्या ध्वनींवरून फुप्फुसांतील विकार ओळखण्याची पद्धतशीर विद्या त्यांनी उभी केली. आजही डॉक्टर रुग्णाच्या छातीला स्टेथोस्कोप लावून श्वास ऐकतात, तेव्हा मुख्यतः लाएनेक यांनी वर्णिलेल्या खुणाच शोधत असतात. क्षयरोगाच्या अभ्यासात त्यांनी आयुष्य वेचले आणि त्याच रोगाने वयाच्या ४५ व्या वर्षी त्यांचा अंत झाला.

बालपण

लाएनेक यांचा जन्म फ्रान्सच्या वायव्येकडील ब्रिटनी प्रांतात कँपेर या गावी झाला. वडील वकील होते. त्यांना काव्याचा छंद होता, परंतु संसाराकडे त्यांचे फारसे लक्ष नसे. लाएनेक पाच वर्षांचे असताना आईचे निधन झाले; तिलाही क्षयच झाला असावा, असे मानले जाते. त्यानंतर रने आणि त्यांचा धाकटा भाऊ यांचे पालनपोषण नातेवाइकांकडे झाले. प्रथम ते धर्मगुरू असलेल्या चुलत्यांकडे राहिले आणि १७८८ मध्ये नांत येथील दुसरे चुलते गियोम लाएनेक यांच्या घरी आले. गियोम हे नामवंत डॉक्टर आणि तेथील वैद्यक विद्यालयातील अधिकारी व्यक्ती होते. रने यांच्या जीवनाला दिशा दिली ती त्यांनीच.

हा काळ फ्रेंच राज्यक्रांतीचा होता. नांत शहराने क्रांतीतील दहशतीचे भीषण पर्व अनुभवले. चुलत्यांचे घर ज्या चौकात होते, त्याच चौकात गिलोटिन उभे होते. अशा वातावरणात वाढलेल्या या मुलाने १७९५ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, चुलत्यांच्या हाताखाली रुग्णालयात काम शिकण्यास प्रारंभ केला. ग्रीक भाषा, चित्रकला आणि बासरीवादन यांचीही त्यांना आवड होती. वडिलांना मात्र मुलाने डॉक्टर होणे पसंत नव्हते. पैशासाठी त्यांची वारंवार मनधरणी करावी लागे आणि त्यामुळे पुढील शिक्षण काही वर्षे रखडले.

पॅरिसमधील शिक्षण

१८०१ मध्ये लाएनेक पॅरिसला आले आणि शारिते रुग्णालयात जाँ-निकोला कोर्व्हिझार यांचे शिष्य झाले. कोर्व्हिझार हे पुढे नेपोलियनचे खासगी चिकित्सक झाले. त्या काळी पॅरिसमध्ये वैद्यकाचे स्वरूप झपाट्याने बदलत होते. तोपर्यंत रोगाचे निदान प्रामुख्याने रुग्णाने सांगितलेली हकीकत, नाडी, जिभेचा रंग आणि थुंकी यांवरून होत असे. आता मोठ्या रुग्णालयांतील रुग्णांची हयातीतील लक्षणे नोंदवून ठेवायची आणि मृत्यूनंतर शवविच्छेदन करून ती कोणत्या अवयवातील बिघाडामुळे उद्भवली हे पाहायचे, असा परिपाठ सुरू झाला. लाएनेक या कामात लवकरच निपुण झाले. १८०२ मध्ये त्यांनी उदराच्या आतील आवरणाच्या दाहावर लेख प्रसिद्ध केला. १८०३ मध्ये त्यांना वैद्यक आणि शल्यचिकित्सा या दोन्ही विषयांतील पारितोषिके मिळाली आणि १८०४ मध्ये हिपोक्रेटिसच्या सिद्धान्तांवरील प्रबंधाबद्दल डॉक्टरची पदवी मिळाली.

कोर्व्हिझार यांच्याकडून लाएनेक आणखी एक विद्या शिकले. व्हिएन्नातील लिओपोल्ड आउएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये छातीवर बोटांनी ठोकून परीक्षा करण्याची पद्धत एका लॅटिन ग्रंथात मांडली होती. आउएनब्रुगर हे खानावळ चालवणाऱ्याचे चिरंजीव होते. पिपात मद्य कोठपर्यंत आहे हे ठोकून ओळखता येते, तसेच हे तत्त्व आहे. हवेने भरलेल्या फुप्फुसावर ठोकले असता पोकळ आवाज येतो. खाली पाणी साठलेले असेल किंवा फुप्फुस घट्ट झालेले असेल तर आवाज बद्द येतो. हा ग्रंथ जवळजवळ विस्मृतीत गेला होता. कोर्व्हिझार यांनी १८०८ मध्ये त्याचे फ्रेंच भाषांतर विस्तृत टीपांसह प्रसिद्ध केले, तेव्हा वैद्यकविश्वाचे लक्ष त्याकडे वेधले गेले.

तथापि या पद्धतीला मर्यादा होत्या. रुग्ण स्थूल असेल तर ठोकण्याचा फारसा उपयोग होत नसे. शिवाय छातीत काहीतरी बिघडले आहे एवढे कळले, तरी नेमके काय बिघडले आहे हे पुष्कळदा कळत नसे. ती उणीव लाएनेक यांनी पुढे भरून काढली.

रुग्णसेवा आणि वियोग

पदवीनंतर बराच काळ लाएनेक यांना रुग्णालयात कायमचे पद मिळाले नाही. राजकारणात ते राजनिष्ठ आणि धर्माने श्रद्धाळू कॅथलिक होते. खासगी व्यवसाय, लेखन आणि शवविच्छेदनावरील व्याख्याने यांत ही वर्षे गेली. १८१४ मध्ये फ्रान्सवर परकी सैन्ये चालून आली आणि पॅरिसची रुग्णालये आजारी सैनिकांनी भरून गेली. त्यांत ब्रिटनीतील खेड्यांमधून भरती झालेली अनेक तरुण मुले होती. त्यांना फ्रेंच येत नव्हते आणि आपले दुखणे कोणाला सांगावे हेही कळत नव्हते. साल्पेत्रियेर रुग्णालयात अशा सैनिकांना एकत्र ठेवून लाएनेक यांनी त्यांच्यावर उपचार केले आणि त्यांच्या ब्रेतों भाषेत त्यांच्याशी संवाद साधला. ही भाषा त्यांनी मोठेपणी मुद्दाम शिकून घेतली होती.

क्षयाने त्यांच्या निकटच्या माणसांनाही सोडले नाही. १८१० मध्ये भाऊ गेला. क्षयाच्या गाठींचा त्यांच्याआधी सूक्ष्म अभ्यास करणारे त्यांचे जिवलग मित्र गास्पार बेल हेही १८१६ मध्ये याच रोगाने निवर्तले. त्याच वर्षी लाएनेक यांची नेकर रुग्णालयात नेमणूक झाली.

स्टेथोस्कोपचा शोध

१८१६ मध्ये एका तरुण स्त्रीला तपासण्याचा प्रसंग आला. तिच्यात हृदयविकाराची सामान्य लक्षणे दिसत होती. शरीर स्थूल असल्यामुळे ठोकून फारसे काही समजेना. छातीला प्रत्यक्ष कान लावून ऐकण्याची रीत जुनी होती आणि बेल तिचा वापर करीत; परंतु रुग्णाचे वय आणि स्त्री असणे यांमुळे ते लाएनेक यांना अनुचित वाटले. त्या क्षणी त्यांना ध्वनीविषयीची एक परिचित गोष्ट आठवली. लाकडी वाशाच्या एका टोकाला टाचणीने ओरखडले, तर दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्यास तो आवाज स्पष्ट ऐकू येतो. त्यांनी कागदांची घट्ट गुंडाळी केली, तिचे एक टोक छातीवर ठेवून दुसऱ्याला कान लावला. हृदयाचे ठोके त्यांना नुसत्या कानाने ऐकू आले असते त्याहूनही अधिक स्पष्ट ऐकू आले.

हृदयाच्या निमित्ताने घडलेला हा शोध श्वासासाठीही उपयोगी पडेल, हे त्यांच्या ध्यानात लगेच आले. निरनिराळे पदार्थ वापरून त्यांनी प्रयोग केले आणि अखेर लाकडाची सुमारे एक फूट लांबीची, मधून आरपार भोक असलेली नळी निश्चित केली. अशा नळ्या ते स्वतः चरकावर कातीत. नळी दोन भागांत उघडत असे, म्हणून ती खिशात ठेवता येई. तिच्या एका टोकाला नरसाळ्यासारखी खोलगट जागा असून तीत बसणारे बूच होते. हृदय आणि आवाज ऐकताना ते बसवायचे, श्वास ऐकताना काढायचे, अशी योजना होती. छाती आणि पाहणे या अर्थांच्या ग्रीक शब्दांवरून त्यांनी या साधनाला स्टेथोस्कोप हे नाव दिले.

ध्वनींचा कोश

साधन सापडले तरी ऐकू येणाऱ्या आवाजांचा अर्थ अद्याप कोणालाच ठाऊक नव्हता. पुढील तीन वर्षे लाएनेक यांनी तो अर्थ लावण्यात घालवली. खाटेजवळ जे ऐकले ते नोंदवून ठेवावे आणि रुग्ण दगावला तर शवविच्छेदनात फुप्फुसाची स्थिती त्या नोंदीशी ताडून पाहावी, असा त्यांचा क्रम होता. यातून प्रत्येक ध्वनीची विकृतीशी सांगड घातली गेली.

निरोगी फुप्फुसावर हवा आत-बाहेर होताना मंद, सारखा सूर ऐकू येतो. न्यूमोनियाच्या आरंभी या सुरात बारीक तडतड मिसळते. तापलेल्या भांड्यात मीठ तडतडावे तशी ती असते, असे वर्णन त्यांनी केले. रोग वाढून फुप्फुस घट्ट झाले की नेहमीचा श्वासध्वनी मावळतो आणि रुग्णाचा आवाज छातीतून घुमून येतो. बरे होऊ लागताच तडतड परतते. त्यामुळे रोग चढतो आहे की उतरतो आहे, हे रुग्ण जिवंत असतानाच कळू लागले. फुप्फुसाभोवती पाणी साठले असता आवाज बकरीच्या बेंबाटण्यासारखा कापरा येतो. फुप्फुसावरणात हवा शिरली असेल तर ठोकल्यावर आवाज अतिशय पोकळ येतो, पण श्वास मात्र ऐकू येत नाही. ठोकणे आणि ऐकणे या दोन परीक्षांची जोड का आवश्यक आहे, याचे हे उत्तम उदाहरण होय. क्षयाने फुप्फुसात पोकळी पडली असेल, तर त्या जागी नळी ठेवताच रुग्ण थेट आपल्या कानात बोलतो आहे असा भास होतो. या खुणेला त्यांनी छातीचे बोलणे अशा अर्थाचे नाव दिले.

फुप्फुसातील आवाजांसाठी त्यांनी वापरलेला फ्रेंच शब्द मरणासन्न माणसाच्या घरघरीसाठीही रूढ होता. तो कानी पडून रुग्णाने धसका घेऊ नये म्हणून खाटेजवळ त्याऐवजी लॅटिन शब्द वापरावा, अशी सूचना त्यांनी केली.

श्वासनलिका कायमच्या रुंदावण्याच्या विकाराचे पहिले स्पष्ट वर्णन त्यांचेच आहे. वातस्फीतीचा अभ्यास करताना ते फुप्फुसे हवेने फुगवून वाळवीत आणि त्यांचे छेद घेत. शरीरात कोठेही आढळणाऱ्या क्षयाच्या गाठी एकाच रोगाच्या अवस्था आहेत, हे मतही त्यांनी ठामपणे मांडले. यकृताच्या सिरोसिस या विकाराचे नाव त्यांनीच दिलेले आहे.

ग्रंथ, मान्यता आणि विरोध

१८१९ मध्ये त्यांचा श्रवणपरीक्षेवरील ग्रंथ दोन खंडांत प्रसिद्ध झाला. अतिश्रमाने प्रकृती खालावल्यामुळे त्याच वर्षी ते ब्रिटनीला परतले आणि दोन वर्षे तेथेच राहिले. १८२१ मध्ये जॉन फोर्ब्स यांनी ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले. मात्र हे साधन कधी सर्वत्र वापरले जाईल, याबद्दल स्वतः भाषांतरकारांनाच शंका होती. फ्रान्समध्ये फ्रांस्वा ब्रूसे यांनी कडवा विरोध केला. बहुतेक रोगांचे मूळ जठर व आतड्यांच्या दाहात आहे, असे त्यांचे मत होते आणि ते जळवा लावून रक्त काढण्याचा पुरस्कार करीत.

१८२१ च्या अखेरीस लाएनेक पॅरिसला परतले. १८२२ मध्ये कॉलेज द फ्रान्समध्ये आणि १८२३ मध्ये शारिते रुग्णालयात त्यांची प्राध्यापक म्हणून नियुक्ती झाली. ज्या दालनात ते कोर्व्हिझार यांच्याकडे शिकले, तेथेच आता देशोदेशीचे विद्यार्थी त्यांच्यामागून खाटेखाटेपाशी जाऊ लागले. १८२४ मध्ये त्यांना लेजियों द ऑनर हा सन्मान मिळाला. त्याच वर्षी त्यांनी आपले घर सांभाळणाऱ्या विधवा मादाम आर्गू यांच्याशी विवाह केला.

मर्यादा

लाएनेक यांचे सर्वच निष्कर्ष टिकले नाहीत. हृदयाच्या दुसऱ्या ध्वनीचे कारण त्यांनी चुकीचे सांगितले. छातीचे बोलणे ही केवळ पोकळीचीच खूण नसते, हे पुढे व्हिएन्नातील योझेफ श्कोडा यांनी १८३९ च्या ग्रंथात दाखवले. क्षय संसर्गाने पसरतो हे लाएनेक यांना पटले नव्हते. दीर्घकाळचे दुःख हे त्याचे प्रबळ कारण असे ते मानीत. एका कठोर नियमांच्या मठातील जोगिणी एकामागून एक क्षयाने मरण पावल्याचे त्यांनी स्वतः पाहिले आणि त्याचा दोष खिन्न जीवनक्रमाला दिला. क्षयग्रस्त मणका कापताना करवतीने त्यांच्या बोटाला ओरखडा पडून तेथे गाठ आली होती, तीही त्यांनी तटस्थपणे नोंदवून ठेवली. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचे जंतू दाखवले ते १८८२ मध्ये.

निदान आणि उपचार यांतील अंतरही त्यांना पार करता आले नाही. क्षय निश्चितपणे ओळखता येऊ लागला, पण त्यावर औषध नव्हते. समुद्राची हवा रुग्णांना मानवते, या समजुतीने त्यांनी शारितेच्या दालनात समुद्रशेवाळ आणून ठेवले होते.

अखेर

१८२६ मध्ये ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली. पहिल्या आवृत्तीची रचना ध्वनींनुसार होती. दुसरी त्यांनी रोगांनुसार नव्याने लिहिली आणि तीत विकृती, खुणा व उपचार यांचे विवेचन केले. हे काम पुरे होईतो त्यांची शक्ती संपली. ताप आणि खोकला सुटेना. चुलतभाऊ मेरियादेक हे त्यांच्याच हाताखाली तयार झालेले डॉक्टर होते. त्यांनी लाएनेक यांच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि जे ऐकू आले त्याचे वर्णन केले. ते लाएनेक यांनीच जगाला शिकवलेले पोकळीचे लक्षण होते, त्यामुळे त्याचा अर्थ त्यांना निराळा सांगावा लागला नाही. मे महिन्याच्या अखेरीस ते पॅरिस सोडून ब्रिटनीला निघाले आणि १३ ऑगस्ट रोजी प्लोआरे येथील आपल्या घरी त्यांचे निधन झाले. आपले स्टेथोस्कोप त्यांनी मृत्युपत्राने मेरियादेकला दिले. मागे ठेवीत असलेल्या संपत्तीत तेच सर्वांत मोलाचे आहे, अशी त्यांची भावना होती.

वारसा

१८५० नंतर दोन्ही कानांत बसणारे स्टेथोस्कोप तयार झाले. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागल्यावर छातीचे अंतरंग दिसूही लागले. तरीही पाहणे, हाताने चाचपणे, ठोकणे आणि ऐकणे हा छातीच्या तपासणीचा क्रम वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवला जातो. रुग्णाच्या मृत्यूनंतरच कळणारी फुप्फुसाची स्थिती तो जिवंत असताना समजू शकते, हे लाएनेक यांनी प्रथम निःसंशयपणे सिद्ध केले.