धर्मानंदांचा नेपाळप्रवास

अंधेरीच्या दक्षिणेस लागूनच विलेपारले हे मुंबईचे उपनगर आहे. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळी तेथे सत्याग्रहींची मोठी छावणी होती. त्या छावणीत पन्नाशी उलटलेले एक विद्वान गृहस्थ स्वयंसेवकांबरोबर राहून काम करीत असत. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात आणि रशियातील लेनिनग्राड येथे ते बौद्ध ग्रंथांच्या कामासाठी जाऊन आलेले होते. सरकारने त्यांना पकडून ठाण्याच्या तुरुंगात ठेवले. हे गृहस्थ म्हणजे पाली भाषेचे थोर पंडित धर्मानंद कोसंबी होत. त्यांनी अनेक देशांच्या सीमा ओलांडल्या. पण परदेशचा पहिला प्रवास त्यांनी पायी, डोंगरांतून आणि जवळजवळ रिकाम्या हातांनी केला होता. तो प्रवास होता नेपाळचा.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. गोव्यावर त्या वेळी पोर्तुगीजांचे राज्य होते. प्रकृती अशक्त आणि गावात शिक्षणाची सोय बेताची, त्यामुळे त्यांचे शाळेतील शिक्षण फार थोडे झाले. घरच्या नारळीच्या बागेची देखरेख करावी आणि मिळेल ते पुस्तक वाचावे, असा त्यांचा दिनक्रम असे. अशातच ‘बालबोधमेवा’ नावाचे मुलांचे एक मासिक त्यांच्या हाती पडले. त्यात बुद्धाचे चरित्र आले होते. ते छोटेसे चरित्र त्यांच्या मनात असे रुजले की, बुद्धाचा धर्म मुळापासून शिकावयाचा हा एकच ध्यास त्यांना लागला.

पण शिकावयाचा कोठे? भारतात बुद्धाचा जन्म झाला, तरी त्याचा धर्म येथून बहुतेक नाहीसा झाला होता. तो नेपाळात अजून जिवंत आहे, असे धर्मानंदांच्या कानी आले. तेव्हा त्यांनी मनाशी बेत ठरविला : प्रथम संस्कृत शिकावे आणि मग नेपाळ गाठावा. या बेतात पैशाचा हिशेब नव्हता, कारण पैसाच नव्हता. १८९९ सालच्या अखेरीस ते घराबाहेर पडले. मागे पत्नी बाळाबाई आणि त्याच वर्षी जन्मलेली मुलगी होती. धर्मानंदांच्या निश्चयाची थोरवी सांगताना, त्याचे ओझे बाळाबाईंनीही वाहिले हे विसरता येत नाही.

सह्याद्री ओलांडून ते पुण्यास आले. तेथे डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट झाली व संस्कृतच्या अभ्यासास आरंभ झाला. पुढे इंदूर, ग्वाल्हेर असे मुक्काम करीत ते काशीस पोहोचले. काशीत अन्नछत्रात जेवावे आणि शास्त्रीबोवांच्या घरी जाऊन पाठ घ्यावा, अशा रीतीने त्यांनी दिवस काढले. अंगावर पुरेसे पांघरूण नाही, शहरात प्लेगची साथ, तरी पाठ चुकला नाही. तेथेच एका नेपाळी विद्यार्थ्याशी त्यांचा स्नेह जमला. नेपाळला जावयाचे तर वाट माहीत असलेला सोबती हवाच होता.

नेपाळात शिरणे त्या काळी सोपे नव्हते. तेथे राणा घराण्यातील प्रधानांची सत्ता होती आणि परक्या माणसास परवान्यावाचून राजधानीत जाऊ देत नसत. वर्षातून एकदा मात्र दार उघडे. महाशिवरात्रीस काठमांडूजवळच्या पशुपतिनाथाची मोठी यात्रा भरते. तिच्यासाठी हिंदुस्थानातून हजारो यात्रेकरू जात व त्यांना मज्जाव नसे. ऋतूच्या दृष्टीनेही हाच काळ बरा. सीमेलगतच्या तराई या सखल प्रदेशात तेव्हा घनदाट अरण्य होते. उन्हाळ्यापासून पावसाळा सरेपर्यंत तेथील हिवताप इतका घातक असे की, जाणते लोक त्या दिवसांत अरण्यात रात्र काढीत नसत. माघ महिन्याच्या थंडीत मात्र ती वाट निर्धोक होई.

१९०२ साली धर्मानंद आपल्या सोबत्याबरोबर निघाले. बिहारमधील रक्सौल हे इकडचे शेवटचे रेल्वेस्थानक. सीमेपलीकडे लगेच वीरगंज हे नेपाळचे गाव लागते. तेथून पुढे गाडीरस्ता थोडाच. मग सालवृक्षांचे अरण्य आणि खडकाळ नदीपात्रे. हेटौडा, भीमफेदी असे टप्पे घेत यात्रेकरू डोंगराच्या पायथ्याशी येत. भीमफेदीनंतर खडा चढ सुरू होई. वर सिसागढीच्या किल्ल्यापाशी चौकी होती. येणाऱ्याजाणाऱ्यांची तपासणी तेथे होई. सधन माणसे डोलीत बसत आणि सामान भारवाहकांच्या पाठीवर देत. गरिबांनी आपले गाठोडे आपणच वाहावे. एक घाट उतरला की दुसरा समोर उभा, असे करीत शेवटी चंद्रागिरीची खिंड येई. तिची उंची सात हजार फुटांहून अधिक आहे. तेथवर चढून आलेल्या माणसास एकाएकी सारे नेपाळ खोरे खाली पसरलेले दिसे : हिरवी शेते, मंदिरांची छपरे आणि पाठीमागे बर्फाच्या शिखरांची रांग. पुढे राणांनी आपल्या मोटारी याच वाटेने भारवाहकांच्या खांद्यांवरून काठमांडूस नेल्या, यावरून ती वाट कशी असेल याची कल्पना येते. भारताच्या साहाय्याने बांधलेला त्रिभुवन राजपथ १९५६ साली वाहतुकीस खुला झाला, तेव्हा कोठे मोटारी आपल्या चाकांवर तेथवर जाऊ लागल्या. आज हौशी प्रवासी मोटारीने नेपाळला जातात आणि हिमशिखरे पाहावयास वाटेत थांबतात.

धर्मानंद मात्र शिखरे पाहावयास गेले नव्हते. काठमांडूस पोहोचल्यावर त्यांनी स्वयंभूनाथ आणि बौद्धनाथ येथील प्रचंड स्तूप पाहिले. स्तूप भव्य होते. पण ज्यांच्याजवळ बसून बुद्धाची शिकवण शिकावी असे गुरू त्यांना भेटले नाहीत. अहिंसेचा उपदेश करणाऱ्या बुद्धाचा धर्म शोधावयास ते आले होते आणि देवस्थानांत पशूंचे बळी दिलेले त्यांना दिसले. ज्या देशाच्या नावावर त्यांनी घर सोडले, तेथे त्यांना हवे ते नव्हते. खरे पाहता नेपाळातील नेवार पंडितांनी संस्कृत बौद्ध ग्रंथांच्या पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या जतन केल्या आहेत आणि जगातील विद्वान त्यांचे ऋण मानतात. परंतु धर्मानंदांना पोथ्यांपेक्षा त्या धर्माप्रमाणे वागणारे व तो शिकविणारे भिक्षू हवे होते.

दोन वर्षांच्या कष्टांचे असे फळ हाती आल्यावर त्यांचे मन फार खचले. परतून घरी जाण्यास हरकत नव्हती. कोणी दोषही दिला नसता. ते डोंगर उतरून आले ते गोव्याकडे वळले नाहीत. त्यांनी बुद्धगया गाठली. ज्या स्थळी बुद्धास ज्ञान झाले, ते तरी पाहावे एवढाच हेतू होता. तेथे एका बौद्ध भिक्षूची गाठ पडली आणि त्याच्याकडून नेमकी वाट कळली : बुद्धवचने पाली भाषेत आहेत आणि ती शिकावयाची तर सिंहलद्वीपास, म्हणजे आजच्या श्रीलंकेस, गेले पाहिजे. उत्तरेचा हिमालय चढून आलेल्या माणसास आता दक्षिणेचा समुद्र ओलांडावयाचा होता. कलकत्त्यास महाबोधी सभेच्या मंडळींनी साहाय्य केले आणि त्याच वर्षी ते कोलंबोस पोहोचले. तेथील विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांजवळ त्यांनी पालीचा पहिला पाठ घेतला व ते श्रामणेर झाले. पुढे ब्रह्मदेशात जाऊनही त्यांनी अभ्यास केला.

मायदेशी परतल्यावर त्यांनी कलकत्त्यास पाली शिकविले. नंतर महाराष्ट्रात राहून काम करता यावे म्हणून तेथील चांगल्या वेतनाची जागा त्यांनी सोडली आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी देऊ केलेल्या दरमहा ५० रुपयांवर संतोष मानला. बुद्धाचे चरित्र आणि उपदेश सांगणारी अनेक पुस्तके त्यांनी सोप्या मराठीत लिहिली. ज्या मुलांच्या मासिकाने त्यांना घराबाहेर काढले, त्याची ही एका परीने परतफेडच होती.

गोव्यास ते पुन्हा गेले तेव्हा घर सोडल्याला जवळजवळ सात वर्षे होत आली होती. तान्ही टाकून गेलेली मुलगी एव्हाना मोठी झाली होती, आणि वडिलांस ती प्रथमच ओळखू लागली.