वकिली घराण्यातील पुरातत्त्वज्ञ : डॉ. ह. धी. सांकलिया

हसमुख धीरजलाल सांकलिया यांचा जन्म 10 डिसेंबर 1908 रोजी मुंबईत, एका गुजराती वकिली घराण्यात झाला. अपुऱ्या दिवसांचे, अशक्त असे हे मूल जगेल, अशी कोणाला आशा नव्हती. पुढे मुलाने घरचाच व्यवसाय पत्करावा, असे वडीलधाऱ्यांना वाटणे स्वाभाविक होते.

वयाच्या पंधराव्या वर्षी लोकमान्य टिळकांच्या ‘आर्क्टिक होम इन द वेदाज’ या ग्रंथाचा गुजराती अनुवाद त्यांच्या हाती पडला. त्यातले पुष्कळसे कळले नाही. न कळलेले पुस्तक मिटून ठेवणे हा सर्वसाधारण वाचकाचा शिरस्ता! सांकलियांनी मात्र सरळ हिशेब मांडला : टिळक संस्कृत आणि गणित जाणत होते, तेव्हा आर्यांचा शोध घ्यायचा तर आपणही ते विषय शिकले पाहिजेत. हा हिशेब भाबडा खरा. परंतु महाविद्यालयात त्यांनी संस्कृत घेतले आणि त्यात पारितोषिकही मिळविले.

घरचा मान राखून ते कायद्याचे पदवीधर झाले. त्याच सुमारास फादर हेरास यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी नालंदा विद्यापीठावर प्रबंध लिहिला. तो 1934 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. वकिलीची सनद हाताशी येत असताना, ज्यात चरितार्थाची शाश्वती नाही अशा विद्येसाठी लंडनला जाणे, हे त्या काळी धाडसच होते. तेथे गुजरातच्या पुरातत्त्वावर त्यांनी डॉक्टरेट मिळविली आणि मेडन कॅसल येथे मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली उत्खननाचे शास्त्र आत्मसात केले. पोथ्यांत रमणारा विद्यार्थी प्रथमच मातीत उतरला.

1939 मध्ये ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक झाले. गुजरातमधील लांघणज, नगर जिल्ह्यातील जोर्वे व नेवासे, नर्मदाकाठचे नावडातोली अशी त्यांची उत्खनने गाजली. जोर्वे येथे सापडलेल्या रंगीत मृद्भांड्यांवरून एका ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीस त्या गावाचे नाव मिळाले. सुरतेच्या तापीवरच, वरच्या अंगाला असलेल्या प्रकाशे येथेही 1955 च्या उत्खननात तशीच भांडी आढळली. ते काम मात्र बी. के. थापर यांचे.

पंधराव्या वर्षी पडलेल्या आर्यांच्या प्रश्नाचे निर्विवाद उत्तर कोणत्याच खंदकातून निघाले नाही. 1974 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ‘बॉर्न फॉर आर्किऑलॉजी’ या नावाने त्यांनी आत्मचरित्र लिहिले. 28 जानेवारी 1989 रोजी त्यांचे निधन झाले.