म्हाइंभटांचे मौन

सराळे येथील म्हाइंभट हे आपल्या काळचे नामांकित पंडित. शास्त्राध्ययन गणपती आपयो यांजकडे झालेले, घरी संपन्नता, आणि वाणी अशी की प्रतिपक्षाला उत्तर सुचण्यापूर्वी दुसरा पूर्वपक्ष उभा राहावा. वादात जय मिळविणे हीच विद्येची फलश्रुती, असे त्या काळच्या पंडितवर्गात सरसकट मानले जाई. म्हाइंभट त्याला अपवाद नव्हते. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींची कीर्ती कानी आली, तेव्हा त्यांच्या मनात जिज्ञासेपेक्षा वादाचीच ईर्ष्या अधिक होती.

गोदावरीतीरी डोमेग्रामी स्वामींची भेट झाली आणि म्हाइंभट निरुत्तर झाले. पंडिताला निरुत्तर होणे मरणप्राय वाटते. पराभूत पंडित बहुधा नवी युक्ती शोधण्यास घरी जातो. म्हाइंभटांच्या ठिकाणी मात्र आपल्या विद्येविषयीच शंका उत्पन्न झाली. प्रपंच तत्काळ सुटला नाही. स्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर ते श्रीनागदेवाचार्यांच्या सन्निधानी अनुसरले, आणि वाद जिंकणारी तीच जिव्हा आता प्रश्न विचारण्यापुरती उरली.

ऋद्धिपुरी भटोबास एकांतात स्वामींच्या लीळांचे स्मरण करीत. ते काय आठवितात हे म्हाइंभटांनी विचारून घेतले आणि त्या लीळा ग्रथित करण्याची अनुज्ञा मागितली, असे परंपरा सांगते. शके १२०० च्या सुमारास, म्हणजे इ. स. १२७८ च्या आसपास, हे कार्य उभे राहिले. ऋद्धिपूरच्या वाजेश्वरीत बसून भटोबासांकडून लीळा ऐकाव्या. ज्यांना जी लीळा प्रत्यक्ष घडली, त्यांच्याकडे जाऊन ती विचारावी. सांगणारा शास्त्री असेल वा अडाणी, पुरुष असेल वा बाई. ज्याने पाहिले त्याचा शब्द प्रमाण. स्वतः षट्शास्त्री असलेल्याला अशा श्रवणात किती संयम लागला असेल, याची कल्पना व्याख्यान करणाऱ्यासच येईल. मध्येच सांगणाऱ्याचे बोलणे सुधारावे, त्यावर आपला सिद्धांत जोडावा, अलंकार घालावा, हा मोह पंडिताला पदोपदी होतो. लीळाचरित्राच्या पानांवर त्याचा मागमूस नाही. वाक्ये लहान, भाषा घरातली. स्वामी चालतात, जेवतात, बोलतात, आणि लिहिणारा बाजूला असतो.

याहून विलक्षण गोष्ट अशी की त्याच ग्रंथात म्हाइंभटांची स्वतःची भेटही आहे. ज्याच्या हाती लेखणी, त्याने आपला गर्व व आपले निरुत्तर होणे इतरांच्या लीळांप्रमाणेच तृतीय पुरुषी नोंदवून ठेवावे! स्वसमर्थनाचा एक शब्द लिहिला असता तर कोण आडवे येणार होते? पुढे श्रीगोविंदप्रभूंच्या अवसानानंतर त्यांचे चरित्रही म्हाइंभटांनी याच रीतीने सिद्ध केले. लीळाचरित्रातील स्वामींची वचने वेचून केसोबासांनी सूत्रपाठ लाविला. श्रुत वचनात संग्राहकाने आपली भर घातली असती, तर सूत्रे निवडताना स्वामींचे कोणते आणि म्हाइंभटांचे कोणते, हा संशय पंथाला कायमचा चिकटला असता.

चौदाव्या शतकाच्या प्रारंभी खलजी फौजांच्या धामधुमीत पंथीय मंडळी कोकणाकडे निघाली असता वाटेत धाड पडली आणि लीळाचरित्राची मूळ पोथी लुटली गेली. म्हाइंभटांचे हस्ताक्षर तेथेच संपले. त्यानंतर ज्यांच्या ज्यांच्या स्मरणात लीळा होत्या, त्यांच्याकडून त्या पुन्हा उतरून घेण्यात आल्या. हिराइसांचा पाठ त्यांपैकीच एक आहे.