तेलाच्या पिंपातून शिल्प घडवणारे जॉर्ज लिओतो कोण होते?

हैतीतील क्रॉ-दे-बुके गावी १८९९ मध्ये जन्मलेले जॉर्ज लिओतो पेशाने लोहार. दफनभूमीसाठी ते लोखंडी क्रूस घडवत. हे क्रूस पाहून १९५३ मध्ये राजधानीतील ‘सांत्र दार’ कलाकेंद्राचे संस्थापक डेविट पीटर्स त्यांना शोधत आले. तेव्हा लिओतोंनी पन्नाशी ओलांडली होती.

पीटर्स यांच्या प्रोत्साहनाने ते शिल्पांकडे वळले. कच्चा माल भंगारातला, म्हणजे तेलाची रिकामी पिंपे. पिंप कापायचे, ठोकून सपाट करायचे, खडूने आकृती काढायची आणि छिन्नी-हातोड्याने ती कापून काढायची. वूडू देवता, जलपऱ्या अशाच पत्र्यातून साकारल्या. १९८९ मध्ये पॅरिसच्या गाजलेल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनातही त्यांची कला पोहोचली.

१९९१ मध्ये त्यांचे निधन झाले. पण त्यांनी सुरू केलेली ही कला क्रॉ-दे-बुकेत अनेक कारागिरांची रोजीरोटी झाली.