खरखरीचा माग काढणारा कार्ल जान्स्की



जुन्या रेडिओवर मुंबई केंद्र लावताना मध्येच येणारी खरखर आपल्यातील वडीलधाऱ्यांना चांगलीच आठवत असेल. वीज चमकली की रेडिओ खरखरायचा, शेजारच्या घरात मिक्सर लागला तरी खरखरायचा. आपण बटण थोडे फिरवून गाणे ऐकत असू. ही खरखर नेमकी कुठून येते याच्या मागे एक तरुण इंजिनिअर लागला आणि त्यातून खगोलशास्त्राची एक नवी शाखा जन्माला आली. त्याचे नाव कार्ल जान्स्की. आज आपण त्याच्या जीवनाची थोडक्यात ओळख करून घेऊ या.

कार्लचा जन्म अमेरिकेतील ओक्लाहोमा प्रांतात नॉर्मन या गावी 22 ऑक्टोबर 1905 रोजी झाला. वडील इंजिनिअरिंगचे प्राध्यापक होते. विस्कॉन्सिन विद्यापीठातून कार्लने 1927 मध्ये भौतिकशास्त्राची पदवी घेतली. तो बर्फावरची हॉकी उत्तम खेळत असे. पण ऐन तारुण्यात त्याला मूत्रपिंडाचा दुर्धर आजार जडला. आजारी माणसाला नोकरी द्यायला बेल टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा कचरत होती. थोरल्या भावाने शब्द टाकला तेव्हा 1928 मध्ये त्याला कामावर घेतले गेले. प्रकृतीला मानवेल म्हणून त्याला शहरात न ठेवता न्यू जर्सीच्या मोकळ्या ग्रामीण भागात पाठवण्यात आले. हे आजारपणच पुढे त्याच्या कामाला उपकारक ठरले, कारण असले संशोधन शहराच्या गोंगाटात होणे कठीण होते.

न्यूयॉर्क ते लंडन अशी रेडिओ लहरींवर चालणारी टेलिफोन सेवा 1927 मध्ये सुरू झाली होती. तीन मिनिटांच्या बोलण्याला 75 डॉलर पडत. एवढे पैसे मोजून खरखर ऐकायची कोणाची तयारी असणार? खरखर कोणत्या दिशेने येते ते शोधून काढ, असे काम कंपनीने जान्स्कीला दिले.

त्याने होमडेल येथे सुमारे 30 मीटर लांबीचा एक अँटेना बांधला. खाली फोर्ड मोटारीची चार चाके लावली. हा सगळा सांगाडा दर 20 मिनिटांनी एक फेरी पुरी करी. लोक गमतीने त्याला जत्रेतला पाळणा म्हणत. या अँटेनाचे वैशिष्ट्य असे की त्याला सगळ्या दिशांचे सारखे ऐकू येत नसे. तोंड ज्या दिशेला, तिकडची लहर जोरात येई. यंत्राची लेखणी कागदावर रेघ ओढत राही. रेघ उंचावली की त्या क्षणी अँटेनाचे तोंड कुठे होते ते पाहायचे, म्हणजे दिशा कळे.

अनेक महिन्यांच्या नोंदींवरून त्याने खरखरीचे तीन प्रकार केले. पहिली जवळच्या वादळांची, दुसरी दूरच्या वादळांची. तिसरी मात्र मंद, अखंड, सूं सूं अशी होती आणि तिचे कारण सापडेना. ती इतकी क्षीण होती की दुसऱ्या कोणी दुर्लक्ष केले असते. जान्स्कीने तिचा पिच्छा सोडला नाही.

1931 च्या अखेरीस ती सूर्याच्या दिशेने येत असावी असे त्याला वाटले. पण महिने उलटले तसा तिचा जोर सूर्यापासून बाजूला सरकू लागला. ती रोज चार मिनिटे लवकर येत होती. म्हणजे 24 तासांनी नव्हे, तर 23 तास 56 मिनिटांनी. या चार मिनिटांतच उत्तर दडले होते. पृथ्वी स्वतःभोवती फिरता फिरता सूर्याभोवतीही पुढे सरकते. त्यामुळे तोच तारा रोज चार मिनिटे लवकर उगवतो, महिन्याला दोन तास. ज्याअर्थी ही खरखर ताऱ्यांचे घड्याळ पाळत होती, त्याअर्थी तिचा उगम पृथ्वीवर नव्हता आणि सूर्यातही नव्हता. तो ताऱ्यांमध्ये होता. आकाशाच्या नकाशाशी ताडून पाहिल्यावर दिशा निघाली धनू राशीची, म्हणजे आपल्या आकाशगंगेच्या मध्यभागाची. डिसेंबरअखेर सूर्यही त्याच राशीत असतो, म्हणून सुरुवातीला तो अंदाज चुकला होता.

5 मे 1933 रोजी न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी पहिल्या पानावर छापली. त्याच महिन्यात ती सूं सूं रेडिओवरून लोकांना ऐकवली गेली. पुढे मात्र सामसूम झाली. ही खरखर टेलिफोनला फारशी बाधक नाही एवढे कळल्यावर कंपनीचे काम झाले होते, आणि जान्स्कीला दुसरी कामे मिळाली. खगोलशास्त्रज्ञांनीही मंदीच्या त्या काळात फारसे लक्ष दिले नाही. ग्रोट रेबर या एका हौशी इंजिनिअरने 1937 मध्ये स्वतःच्या घराच्या आवारात तबकडी उभारून तो धागा पुढे नेला. जान्स्की 14 फेब्रुवारी 1950 रोजी, अवघ्या 44 व्या वर्षी हे जग सोडून गेला. आपल्या शोधातून केवढे मोठे शास्त्र उभे राहणार आहे, ते पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

सन्मान मिळाला तो मागाहून. 1973 मध्ये अवकाशातील रेडिओ लहरींच्या तीव्रतेच्या एककाला 'जान्स्की' हे नाव देण्यात आले. न्यू मेक्सिकोतील 27 तबकड्यांची मोठी दुर्बीण 2012 पासून त्याच्या नावाने ओळखली जाते. 2022 मध्ये तर धनू राशीच्या त्याच दिशेला, आकाशगंगेच्या केंद्रात असलेल्या कृष्णविवराचे चित्र जगाने पाहिले. आपल्या पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथेही 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. एकच लहर वेगवेगळ्या तबकड्यांवर किंचित मागेपुढे पोहोचते. त्या सूक्ष्म फरकावरून तिचे ठिकाण फार अचूक ठरवता येते. अँटेना बदलले, पण ते ज्या शास्त्रासाठी उभे आहेत त्याची सुरुवात होमडेलच्या त्या चार चाकांवर झाली.

तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला एक गोष्ट पक्की कळली होती: प्रत्येक परिणामामागे कारण असते. पण ते कारण शोधायला वर्षभर रोज रेघा तपासण्याची चिकाटी लागते, हे जान्स्कीकडून शिकावे. ज्ञात कारणे एकेक करून बाजूला काढल्यावर जे उरले, ते त्याने किरकोळ म्हणून झटकून टाकले नाही. आपल्या घरातही कोणाची तरी बारीक, रोजची कुरकुर असते. वृद्ध आईची असेल, अबोल मुलाची असेल. बटण फिरवून ती बंद करण्यापूर्वी ती कुठून येते एवढे तरी आपण शोधू या.